सायकलीची फ्रेम आणि विजेचे गिअर



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही किमान वेतनावर बोलू, कंत्राटी पद्धतीवर बोलू, नाहीतर नव्या कामगार संहितांवर बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. ते विषय आमचे रोजचेच आहेत. त्यांवर बोलायला आम्हांला सभामंडप लागत नाही. कारखान्याचे फाटक पुरते. आज आम्ही सायकलीविषयी बोलणार आहोत. सायकलही कोणती? जिच्या हँडलवरचे बटण दाबले की एक इवलीशी मोटार फिरते आणि साखळी एका चकतीवरून दुसऱ्या चकतीवर जाते, अशी. समोर बसलेल्या काही मंडळींच्या चेहऱ्यावर हसू दिसते. कामगारांचा माणूस आणि लाखांच्या सायकलींच्या गप्पा! परंतु थोडा धीर धरावा. हा प्रश्न फिरून आपल्याच दाराशी येणार आहे.

आचोळ्याच्या रस्त्यावर सकाळी दोन जातींच्या सायकली दिसतात. एक रोजची. डबा हँडलला, कॅरियरला जुनी ट्यूब गुंडाळलेली, आणि वर गोखिवरे, सातिवली, वालीव या बाजूच्या गाळ्यांत पहिल्या पाळीला निघालेला माणूस. दुसरी रविवारची. डोक्यावर हेल्मेट, अंगाला चिकटलेले रंगीत कपडे, आणि पहाटेच्या वेळी महामार्गाकडे किंवा अर्नाळ्याकडे निघालेले तरुण. हे रविवारचे लोक काही उगाच मिरवणारे नव्हेत. नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची 'रेस अक्रॉस अमेरिका' जोडीने पुरी केली; २०१७ साली नाशिकचे श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच एकट्याने पुरी केली. महाराष्ट्राला सायकलीचे वेड आहे, आणि ते चांगले वेड आहे. आम्ही बोलणार आहोत ते या दोन सायकलींच्या आयुष्याविषयी. पहिली बापाची मुलाकडे जाते. दुसरी जाईल काय?

आधी पहिलीकडे पाहू. वरळीला, गिरणगावाला लागूनच, हिंद सायकल्स लिमिटेडचा कारखाना होता. तो अडचणीत आला, सरकारने कारभार हाती घेतला, आणि १९८० साली संसदेने हिंद सायकल्स व आसनसोलची सेन-रॅले या दोन कंपन्यांच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा केला. हिंदची पुढे नॅशनल बायसिकल कॉर्पोरेशन झाली. तीही टिकली नाही. तिथल्या कामगारांचे काय झाले हा निराळ्या व्याख्यानाचा विषय आहे, आणि तो आम्ही कधीतरी अवश्य घेऊ. आज सांगायचे ते एवढेच की, कारखाना गेला तरी त्या घराण्याची काळी सायकल काही लगेच गेली नाही. तिचा बी.बी. एक्सल झिजला तर लुधियानाचा बसला. चेन तुटली तर मद्रासची चालली. टायर '२८ बाय दीड' असे म्हटले की दुकानदार कंपनी विचारीत नसे. कॉटर पिन तर कानशीने दोन हात मारले की कोणत्याही क्रँकला लागते. बनवणारा मेला तरी बनवलेली वस्तू जगते, हे कशामुळे घडते?

ते आट्यांमुळे घडते. ज्या भोकात पायडलाचा एक्सल बसतो त्या नळीचा व्यास १.३७ इंच आणि इंचाला २४ आटे, हे माप बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कंपनीच्या नावाने ओळखले जाते. पण आज ती कंपनी विचारायला येत नाही. चेनच्या दोन पिनांतले अंतर अर्धा इंच. बुश आणि रोलरची चेन मँचेस्टरमध्ये हान्स रेनोल्ड या मूळच्या स्विस गृहस्थाने १८८० साली काढली, आणि तिच्यावर आज रानातली सायकलही चालते व शर्यतीतलीही. ही मापे जगाने वापरून वापरून सार्वजनिक केली. विहीर एकाने खणली, पण पाणी गावाचे झाले, तसे.

येथे एक गोष्ट सांगून ठेवतो, नाहीतर कोणी म्हणेल की हे लोक जुन्याचे भाट आहेत. जुन्या काळीही सारेच सरळ नव्हते. नॉटिंगहॅमची रॅले कंपनी आपल्या सायकलींच्या त्याच नळीला इंचाला २६ आटे पाडीत असे. बाकी जग चोविसावर आणि ही सव्विसावर! म्हणजे गिऱ्हाईकाने सुट्या भागासाठी फिरून आपल्याच दाराशी यावे. मालकाची ही बुद्धी विजेच्या गिअरबरोबर जन्मली असे नाही. फरक एवढाच की, २६ आट्यांचा कप फिटरला कोठून तरी मिळवता येत होता, गरज पडली तर लेथवर करता येत होता. वालीवच्या कोणत्याही टर्नरला विचारा. संगणकाची आज्ञावली लेथवर होत नाही.

आता गिअरकडे वळू. बोरघाट चढताना मुंबई-पुणे शर्यतीतला गडी काय करतो? मागच्या चाकाला लहानमोठ्या दातेरी चकत्यांची उतरंड असते. चेनला मोठ्या चकतीवर ढकलले की पाय हलका होतो आणि चाल मंदावते. हे ढकलण्याचे काम करणाऱ्या लोखंडी हाताला डिरेलर म्हणतात. पूर्वी फ्रेमच्या नळीवर एक लहान दांडी असे, तिला तार जोडलेली, तार डिरेलरला. दांडी किती ओढायची हे स्वाराच्या बोटांना कळे. चेन खरखरली की बोट केसभर मागे घ्यायचे. कोणाचीही दांडी, कोणाचाही डिरेलर, कोणाच्याही चकत्या. सगळे चालून जाई, कारण जुळवणूक माणूस करीत होता.

१९८४ साली जपानातील साकाई शहराच्या शिमानो कंपनीने आपल्या ड्युरा-एस मालिकेत दांडीला खटके दिले. एक 'टिक' वाजली की एक गिअर. शिकाऊ माणसालाही चूक करता येऊ नये, अशी सोय. सोय उत्तम होती, यात वाद नाही. पण त्या दिवसापासून खटका, डिरेलर आणि चकत्या ही तिघे एका घरची असावी लागली. जुळवणूक बोटांतून निघून कारखान्यात गेली. आमच्या धंद्यातली माणसे हे वाक्य नीट ओळखतील. कसब कामगाराच्या हातातून यंत्रात जाते तेव्हा त्याबरोबर आणखी काय काय जाते, हे त्यांना सांगायला नको.

तरीही, आणि हा मुद्दा ध्यानात धरावा, फ्रेम या भानगडीत पडली नव्हती. फ्रेमकडून काय हवे होते? मागच्या चाकाजवळ एक कान, त्याला दहा मिलिमीटरचे एक आट्यांचे भोक, आणि तारेचे आवरण अडकवायला नळीवर दोनतीन घुंड्या. बस्स. जपानी असो, इटालियन असो, बहुतेक डिरेलर त्या कानाला लटकत. गिअरवाल्यांनी आपसात कितीही मारामाऱ्या केल्या तरी फ्रेम तटस्थ राही. आणि म्हणून गिअर पाच वेळा बदलले तरी फ्रेम तीच चाले.

विजेचा गिअर प्रथम आला तेव्हाही फ्रेमचे हे तटस्थपण टिकून होते. फ्रान्सच्या माविक कंपनीने १९९२ साली 'झॅप' नावाचा विजेवर चालणारा डिरेलर काढला, आणि १९९९ साली 'मेक्ट्रॉनिक' हा बिनतारी काढला. दोन्ही प्रयोग बुद्धीचे होते आणि दोन्ही फसले. पण फसले तेव्हा स्वाराचे काय गेले? त्याने तो डिरेलर कानावरून सोडला, साधा तारेचा लावला आणि तो परत रस्त्याला लागला. गिअर गेला, सायकल राहिली. त्यानंतर जे घडले त्याचे माप आम्ही याच प्रसंगावरून घेतो. आज तोच गिअर कंपनीने बंद केला, तर सायकल राहील काय?

२००९ साली शिमानोने ड्युरा-एस मालिकेत विजेचा गिअर आणला आणि हा जमला. हँडलवरच्या बटणापासून एक बारीक वायर फ्रेमच्या पोटातून डिरेलरपर्यंत जाते, डिरेलरमध्ये मोटार, वीज एका लिथियमच्या बॅटरीची. वायर पोटातून न्यायची म्हणून फ्रेमला भोके आली. पुढे बॅटरी सीटच्या नळीत लपवायची म्हणून तेथेही सोय आली. कंपनीने २०११ साली खालच्या अल्टेग्रा मालिकेत तोच गिअर आणला, तेव्हा वायरची जात बदलली. पहिलीत चार तारा होत्या, दुसरीत दोन. म्हणजे दोन वर्षांपूर्वी ज्याने सर्वांत महाग माल घेतला, त्याचा नवा भाग जुन्याशी बोलेना. २०२१ साली बारा चकत्यांचे नवे संच आले आणि प्लग आणखी बारीक झाले. या वेळी जोडणारे अडॅप्टर कंपनीने दिले, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण अकरा चकत्यांचा डिरेलर बारा चकत्यांच्या संचात नांदत नाही, तो नाहीच.

इकडे अमेरिकेच्या स्रॅम कंपनीने २०१५ साली पुरता बिनतारी गिअर काढला. प्रत्येक डिरेलरला स्वतःची बॅटरी, वायर मुळीच नाही. तुम्ही म्हणाल, मग तर प्रश्नच मिटला. भोके नकोत, घुंड्या नकोत, फ्रेम मोकळी. आम्हांलाही प्रथम तसे वाटावे इतके ते सुबक दिसते. पण फ्रेम बनवणाऱ्याने त्यातून निराळाच अर्थ काढला. तारच नाही, मग तारेची वाट कशाला ठेवा? उच्च दर्जाच्या कित्येक फ्रेम आता अशा निघतात की, त्यांत साध्या तारेच्या गिअरला जायला रस्ताच ठेवलेला नाही. फ्रेम कार्बनची असली तर नंतर भोक पाडण्याचीही सोय नाही. पाडले तर ती दुबळी होते आणि हमीही जाते. पोलादी फ्रेम असती तर आपल्याकडच्या एखाद्या ब्रेझिंग करणाऱ्याने दहा मिनिटांत घुंडी डकवून दिली असती. कार्बनला ते औषध चालत नाही.

येथे साधा हिशेब करून पाहा. चांगली फ्रेम, पडझड झाली नाही तर, पंचवीस-तीस वर्षे सहज चालते. लिथियमची बॅटरी वापरली तरी म्हातारी होते आणि कपाटात ठेवली तरी होते. कंपनी एका पिढीचे सुटे भाग किती वर्षे करील, हे तिच्या मनावर. मग ज्या फ्रेममध्ये दुसरा गिअर बसतच नाही त्या फ्रेमचे वय किती? बॅटरीइतके, प्लगइतके आणि कंपनीच्या मर्जीइतके! दीर्घायुषी भागाला अल्पायुषी भागाच्या दावणीला बांधले, हा आमचा मुख्य आक्षेप आहे. विजेवर आमचा राग नाही.

राग का नाही, तेही सांगितले पाहिजे. वसईच्या खाडीकाठची हवा खारी. एक पावसाळा गेला की गिअरची तार आवरणात गंजते आणि घट्ट होते. ज्यांच्याकडे गिअरच्या सायकली आहेत त्यांनी दरवर्षी तारा बदललेल्या आहेत. विजेच्या गिअरला गंजायला तारच नाही. मोटार दर वेळी डिरेलरला नेमक्या तेवढ्याच अंतरावर सरकवते. तार ताणून सैल होण्याचा प्रश्न उरत नाही.

आणि दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. आमच्या संघटनेच्या कामात पॉवर प्रेसवर बोटे गेलेली माणसे आम्हांला नित्य भेटतात. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याने एका हाताची दोन बोटे गेली तर कमाईची शक्ती वीस टक्के गेली असे धरले होते. वीस टक्के! ज्याने हा आकडा लिहिला त्याने दोन बोटांवाचून कधी ब्रेक दाबून पाहिला होता की नाही, कोण जाणे. अशा माणसाला गिअरची ताठ तार ओढता येत नाही. पण बटण उरलेल्या एका बोटानेही दाबता येते. शिवाय बटण हँडलवर कोठे बसवायचे हेही काही संचांत ठरवता येते. संधिवाताच्या बाईला, लकव्यातून उठलेल्या माणसाला हाच लाभ. असे यंत्र निरुपयोगी आहे असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणू? उलट आमचे म्हणणे असे की, असे यंत्र त्या बोटे गेलेल्या माणसाच्या फ्रेमवर बसले पाहिजे, आणि बिघडले तर त्याच फ्रेमवर दुसरे बसले पाहिजे.

कंपन्यांचे उत्तर ठरलेले आहे. प्रगती हवी तर जुने सोडावे लागेल. हे उत्तर आपण गाडीच्या डब्यात बसून तपासू. नालासोपाऱ्याहून आपण रोज ज्या मार्गाने जातो, त्यावर १९३६ साली विरारपर्यंत विजेच्या गाड्या आल्या. तेव्हा वरच्या तारेत १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह होता. २०१२ साली चर्चगेट-विरार मार्गावर तो जाऊन २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आला. गिअरच्या वायरीत चाराऐवजी दोन तारा असण्याहून हा बदल केवढा तरी मोठा! पण त्यासाठी रूळ उखडले काय? रुळांतले अंतर साडेपाच फूट ठरले ते तसेच राहिले, फलाटही तेच राहिले. आणि मधल्या काळासाठी दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या गाड्या मुद्दाम बनवून आणल्या. त्या काळात आपण गर्दीत दाराला लोंबकळत होतो खरे, पण प्रवाह बदलला म्हणून आपले घर विरारहून उचलून कोठे न्यावे लागले नाही. बदल करणाऱ्याने जुन्याची जबाबदारी घेतली, म्हणून असे झाले. सार्वजनिक धंद्यात हे घडते, कारण तेथे जाब विचारणारे लाखो लोक रोज फलाटावर उभे असतात.

खाजगी धंद्यातही घडू शकते. त्याचेच एक बरे उदाहरण देतो. मघाशी ज्या कानाचा उल्लेख केला, तो अ‍ॅल्युमिनियमच्या आणि कार्बनच्या फ्रेममध्ये सुटा, स्क्रूने बसवलेला असतो. सायकल पडली तर कान वाकावा, फ्रेम वाचावी म्हणून. त्याला हँगर म्हणतात. कल्पना शहाणपणाची. पण प्रत्येक फ्रेमवाल्याने आपल्या हँगरचा आकार निराळा केला, आणि त्याचे शेकडो नमुने झाले. दोनपाचशे रुपयांच्या तुकड्यासाठी लाखाची सायकल महिनाभर भिंतीला टेकून! २०१९ साली स्रॅमने एकच सार्वत्रिक हँगर आखला आणि इतर फ्रेमवाल्यांनाही तो विनामूल्य वापरू दिला. अनेकांनी तो घेतला. ही चांगली गोष्ट झाली. मग २०२३ साली त्याच कंपनीने असा विजेचा डिरेलर काढला की, तो हँगरला न लटकता हँगर काढून त्याच्या जागी थेट फ्रेमला आवळला जातो. आणि तो केवळ याच सार्वत्रिक नमुन्याच्या फ्रेमवर बसतो. ज्याच्याकडे २०१९ पूर्वीची फ्रेम, तो दाराबाहेर. मात्र नव्या नमुन्याच्या फ्रेमवर हँगर लावून जुना साधा डिरेलरही चालतो, एवढी वाट उघडी ठेवली आहे. आमचे मत विचाराल तर ही तडजोड आजच्या बाजारात पुष्कळच बरी. फक्त हे विसरू नये की, रस्ता सर्वांना मोकळा असला तरी त्याची आखणी एकाच्याच हातात आहे.

आखणी कोणाच्या हातात, हाच तर प्रश्न. आम्ही आयुष्यभर करार केले. करार म्हणजे काय? दोन बाजू टेबलाशी बसतात, भांडतात, आणि शेवटी एका कागदावर सही करतात. मग मुदतभर दोघेही त्याने बांधलेले. यंत्राच्या सुट्या भागांचे प्रमाण ठरवणे हाही करारच आहे. आट्याचे माप, प्लगचा आकार, बिनतारी संदेशाची भाषा, ही त्याची कलमे. पण या टेबलाशी बसते कोण? गिअरवाला आणि फ्रेमवाला. सायकल चालवणारा बसत नाही, आणि आचोळे रोडच्या कडेला पंप व पाण्याची परात मांडून बसलेला मिस्त्री तर बसत नाहीच नाही. त्या मिस्त्रीच्या पेटीत पाने आहेत, चेन तोडायचे हत्यार आहे, छर्रे आहेत, सोल्यूशनची नळी आहे. नव्या सायकलीचे दुखणे शोधायला कंपनीचे अ‍ॅप लागते. त्याच्या पेटीत ते नाही असे नाही, मोबाइल आज सर्वांकडे आहे. पण भाग उघडायला कंपनीने मनाई केली, सुटा तुकडा विकायलाच काढला नाही, तर अ‍ॅप काय करणार? ते फक्त सांगणार की, भाग निकामी झाला, नवा घ्या.

भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्काचा विचार करायला समिती नेमली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यासाठी एक संकेतस्थळ उघडले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि मोटारी अशी चार क्षेत्रे त्यात धरली. सायकल त्यात नावाने नाही. कोणाला सुचली नसेल! जिला दुरुस्त करायला हक्क मागावा लागत नव्हता अशी ती एकच वस्तू घरात होती, म्हणून ती राहिली असावी.

आणि आता दाराशी आलेला प्रश्न. घरोघर माल पोचवणारी आमची मुले पायडल मारून थकली, म्हणून बॅटरीच्या सायकली घेऊ लागली आहेत. मोटार पाव किलोवॅटच्या आत आणि वेग ताशी पंचवीस किलोमीटरच्या आत असला की परवाना लागत नाही, म्हणून त्या सोयीच्या. कोणी विकत घेतात, हप्त्याने, कोणी भाड्याने. या सायकलींकडे जरा निरखून पाहावे. एकीची बॅटरी नळीच्या पोटात, दुसरीची नळीच्या पाठीवर. एकीचा प्लग गोल, दुसरीचा चपटा. मोटारीला आज्ञा देणारा कंट्रोलर प्रत्येकीचा निराळा. हप्ते फिटण्याच्या सुमारास बॅटरी थकते. ती कंपनी तोपर्यंत बाजारात असली तर ठीक. नसली तर? दुसऱ्या कंपनीची बॅटरी त्या फ्रेमच्या खोबणीत बसत नाही. हौशी स्वाराची लाखाची सायकल भिंतीला टेकली तर त्याचा रविवार जातो; या मुलाची टेकली तर त्याचा सोमवार जातो, आणि त्यामागचे सगळे वार. श्रीमंतांच्या खेळण्यात जी रीत रुळते ती दहा वर्षांनी गरिबाच्या अवजारात उतरते, म्हणून आम्ही वरच्या मजल्यावरच्या गोष्टी कान देऊन ऐकतो.

नीती आयोगाने २०२२ च्या एप्रिलमध्ये बॅटरी बदलून देण्याच्या धोरणाचा मसुदा काढला, तेव्हा एकाची बॅटरी दुसऱ्याच्या गाडीला चालावी हा विचार त्यात मांडलेला होता. म्हणजे सरकारदरबारी ही भाषा अपरिचित नाही. तीच भाषा बॅटरीच्या सायकलीच्या खोबणीला आणि प्लगला लावा, एवढेच मागणे आहे. आणि ते मागणे कामगार संघटनांनी ग्राहक संस्थांच्या जोडीने केले पाहिजे, कारण येथे कामगार आणि ग्राहक एकच माणूस आहे. कंपन्यांवरही दडपण येते, हे लक्षात असू द्या. शिमानोने २०२१ साली वरच्या दोन मालिकांच्या बारा चकत्यांच्या संचात तारेचा पर्यायच ठेवला नाही. २०२२ साली तिसरी, १०५ नावाची मालिकाही आधी विजेचीच आणली. परंतु २०२३ साली तीच तारेवरची परत बाजारात आली. पायडलाच्या नळीचेही तसेच. आटे टाकून दाबून बसवायचे कप काढले, ते करकरू लागले, स्वारांनी ओरड केली, आणि पुष्कळ फ्रेमवाले पुन्हा आट्यांकडे वळले.

आता कोणी विचारील, माझा मुलगा हट्ट धरून बसला आहे, विजेच्या गिअरची घ्यावी की घेऊ नये? खुशाल घ्या. फक्त गिअर पाहण्याआधी फ्रेम पाहा. तारेच्या गिअरची वाट तिच्यात आहे काय, हे दुकानदाराला बोटाने दाखवायला सांगा. पुष्कळ फ्रेमवाले आजही दोन्हींची सोय ठेवतात, भोकांना बदलती बुचे देतात, त्यांना आपले पैसे मिळू द्या. पायडलाच्या नळीला आटे आहेत का ते पाहा. हँगर कोणत्या नमुन्याचा आहे ते विचारा आणि तसाच एक त्याच दिवशी विकत घेऊन घरी खिळ्याला टांगून ठेवा. पोलादाची फ्रेम किलोभर जड असेल. असू द्या, आपण काही आल्प्स चढत नाही, आपल्याला तुंगारेश्वरच पुरतो. आणि माल पोचवणाऱ्या मुलांनी हप्त्याच्या कागदावर सही करण्याआधी एकच कलम लिहून मागावे: बॅटरी, कंट्रोलर आणि चार्जर हे सुटे मिळतील काय, किती वर्षे, आणि काय भावाने. लिहून देत नसेल तर दुसरे दुकान.

येथे टेबलावर आम्ही काही वस्तू मांडल्या आहेत. काळ्या सायकलीचा बी.बी. कप आहे, त्याचे आटे मोजून पाहता येतील. दोन निरनिराळ्या आकारांचे हँगर आहेत. एकाच्या जागी दुसरा लावून पाहावा. गिअरच्या वायरीचे जुने आणि नवे असे दोन प्लग आहेत. ज्यांना हातात घेऊन पाहायचे असेल त्यांनी सभा संपल्यावर पुढे यावे. मुलांना आधी येऊ द्यावे. पाना मागायचा असेल तर तोही पेटीत आहे.